अर्धं, पण कशाचं?

नांदुरा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पाचवी-सहावीला गणित शिकवते. अपूर्णांकाचं प्रकरण दरवर्षी येतं आणि दरवर्षी वर्गाची हवा बदलते. तोवर भराभर हात वर करणारी मुलं वहीत मान घालून बसतात. अंश वर, छेद खाली, मधे एक आडवी रेघ. एवढ्याशा चिन्हाची धास्ती मोठ्या माणसांच्याही मनात राहून गेलेली मी पालकसभेत पाहिली आहे. "मॅडम, आमचंही तिथंच अडलं होतं," असं सांगणारे बाप दरवर्षी भेटतात. या प्रकरणाबद्दल मला जे उमगलं ते बरंचसं मुलांनी शिकवलं, काही त्यांच्या आजोबांनी. क्रमांक फक्त सोयीसाठी आहेत.

१. मुलांना अर्धं कळायला शाळा लागत नाही. घरात दोन भावंडं आणि एकच पेढा असला की ते आपोआप कळतं. प्रकरण सुरू करताना मी ज्वारीची भाकर वर्गात नेते आणि कुणाला तरी मधोमध मोडायला सांगते. हातानं मोडलेली भाकर कधी बरोबर मधून मोडत नाही. मग समोरून आवाज येतो, "मले मोठा अर्धा पाह्यजे." मोठा अर्धा! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थबकले. दोघांत वाटलं की अर्धं झालं, एवढंच घरी ठाऊक असतं. दोन्ही भाग तंतोतंत सारखे हवेत ही अट पुस्तकाची, आणि मुलं ती सहजी मान्य करत नाहीत. वावरात राबणाऱ्याच्या ताटात मोठा अर्धा आणि चुलीपाशी बसलेलीच्या ताटात लहान अर्धा त्यांनी रोज पाहिलेला असतो. म्हणून 'समान भाग' या दोन शब्दांवर मी मुद्दाम रेंगाळते. कागदाच्या पट्ट्या देते. दोन भाग करायचे तर कड कडेवर आणून घडीवर नख फिरवलं की झालं. चार आणि आठही तसेच. तीन भाग सांगितले की वर्ग गप्प होतो. कुणी पट्टी सैल गुंडाळून बघतं, कुणी एक टोक आत, एक टोक बाहेर अशी घडी घालून पुन्हापुन्हा सरकवत राहतं. तिन्ही पदर एकावर एक बसले की आपसूक ओरड होते. एक छेद तीन फळ्यावर लिहायच्या आधी त्या मुलांच्या बोटांना तो समजलेला असतो.

२. छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान होतो, हे वाक्य पाठ होतं पण पटत नाही. पाचवीपर्यंत आपणच शिकवलेलं असतं की तीस ही चोवीसपेक्षा मोठी संख्या. मग एक छेद तीस लहान कसा? हे पटवायला मला नांदुऱ्याच्या हनुमानाची मदत झाली. महामार्गालगतची ती १०५ फुटांची मूर्ती इथल्या प्रत्येक मुलानं मान वर करून पाहिलेली आहे. एका मुलाची उंची भिंतीवर खडूनं मोजली. चार फूट साडेचार इंच. बालवाडीतल्या त्याच्या धाकट्या भावाला बोलावलं, तो साडेतीन फूट. आता असे किती जण एकावर एक उभे राहिले म्हणजे हनुमानाच्या मुकुटापर्यंत पोहोचतील? इंच करून भागाकार केला. थोरल्यासारखे २४ लागतात, धाकट्यासारखे ३०. म्हणजे थोरला मूर्तीचा १/२४ आणि धाकटा १/३०. दोघं शेजारी उभेच होते, कोण मोठा हे कुणाला विचारावं लागलं नाही. लहान माणूस असला की जास्त जण लागतात, म्हणून खालचा आकडा वाढतो. नियम तोच, पण या वेळी तो त्यांनी मला सांगितला.

३. अंशाधिक अपूर्णांकाला मुलं बिचकतात, आणि त्यांचं बिचकणं रास्त आहे. भाकरीचे दोनच तुकडे केले तर तीन तुकडे उचलायचे कुठून? पुस्तकात छेदाधिक, अंशाधिक, पूर्णांकयुक्त अशी नावं ओळीनं येतात. पाठ करणाऱ्याला ती तीन वेगळी घराणी वाटतात. मी शाळेला एसटीनं जाते. १७ मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते आधीपासून होतंच. एकदा माझ्या पुढच्या बाकावर एक बाई, तिचा मुलगा आणि मुलगी अशी तिघं होती. कंडक्टरनं तीन अर्धी तिकिटं दिली, आणि पोरानं बोटं मोजून आईला सांगितलं, "म्हंजे दीड तिकिटाचे पैसे." त्याला कुणी अंशाधिक अपूर्णांकाचं पूर्णांकयुक्त अपूर्णांकात रूपांतर करायला सांगितलं नव्हतं. अर्धी तीन म्हणून ३/२, पुरी एक आणि वर अर्धी म्हणून १ १/२, रक्कम तीच. प्रकार म्हणजे एकाच मापाकडे बघायच्या या निरनिराळ्या जागा आहेत, आणि कुठून बघायचं ते काम ठरवतं. कंडक्टरला तीन अर्धी मोजणं सोयीचं, पोराला दीड. आता मी वर्गात तिकिटापासूनच सुरुवात करते. भाकर एकच असते, तिकिटं हवी तेवढी फाडता येतात.

४. मराठी माणसाच्या तोंडात अपूर्णांक शाळेच्या आधीपासून खेळतात. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. आमच्या शाळेच्या गावात एक वयोवृद्ध शेतकरी होते. जुन्या शाळेत चार इयत्ता शिकलेले, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी सगळं मुखोद्गत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मी त्यांना वर्गात बोलावलं. मुलांनी 'सात पाऊण?' विचारलं की प्रश्न संपायच्या आत 'सव्वापाच' यायचं. 'सात अडीच?' 'साडेसतरा.' एका मुलीनं तेच वहीत मांडलं, सात गुणिले तीन छेद चार, एकवीस छेद चार, भागाकार, पाच पूर्णांक एक छेद चार. तिला पानभर जागा लागली. आजोबांनी तिची वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बाई, हे मले नाही येत. मी तं नुसतं म्हंतो." त्यांचं ते म्हणणं मी अजून मनात घोळवते. त्यांच्या पाढ्यांत छेद दोन आणि चार यांच्या पलीकडे जात नाही. तीन सप्तमांश आला की ते थांबतात. मुलीची रीत कुठल्याही छेदाला पुरते, पण तिला उत्तराचा अंदाज नसतो. सव्वापाचच्या जागी सव्वापन्नास आलं असतं तरी तिनं खाली दुहेरी रेघ मारली असती. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असाव्यात असं मला फार वाटतं, आणि पाढे गेले तसा हा अंदाजही आपल्या हातून चालला आहे याचं वाईट वाटतं.

आजच्या मुलांना 'पावणे' सगळ्यांत जड जातं. पावणेतीन लिहा म्हटलं की निम्मा वर्ग ३ ३/४ लिहितो. तीन ऐकू येतं, पाऊण ऐकू येतं, दोन्ही लिहून टाकायचं. मोबाइलवर २.४५ वाचणाऱ्या मुलाच्या कानावर पावणेतीन पडतं ते फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून. सव्वामध्ये मिळवायचं आणि पावणेमध्ये वजा करायचं, हा फरक शिकवताना मला भास्कराचार्य आठवतात. त्यांच्या ११५०च्या 'लीलावती'त पूर्णांकाला भाग जोडलेला असेल तर भागानुबंध आणि भाग काढलेला असेल तर भागापवाह असे दोन वेगळे प्रकार आहेत. आणि उदाहरणाला घेतलेल्या संख्या कोणत्या? दोनला पाव जोडलेले आणि तीनमधून पाव काढलेले. आपले सव्वादोन आणि पावणेतीन! उत्तरं ९/४ आणि ११/४. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान घरातल्या सगळ्यांना दाखवत फिरले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. नांदुऱ्याहून गाडीत बसलं की भुसावळ, जळगाव आणि मग चाळीसगाव. मुलांना हे सांगितलं की पावणेतीनची भीती जाते असं नाही, पण आठशे-नऊशे वर्षांपूर्वीही कुणाला तरी हे समजावून सांगावं लागत होतं, या विचारानं त्यांना जरा बरं वाटतं.

५. मुलाचं उत्तर चुकलं म्हणजे त्याचा विचार चुकला असं नसतं. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? वर्गातली बरीच मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहितात. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "अर्ध्याहून २/५ कमी. अर्ध्यात भर घातली आणि कमी कसं झालं?" यावर सहसा वर्ग निरुत्तर होतो. एक मुलगा मात्र उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, काल तुम्ही दोन गणितं देल्ली, माह्यं एक बरोबर आलं. आज तीन देल्ली, एक बरोबर आलं. म्हंजे पाचातले दोन बरोबर आले ना?"

आले. नक्कीच आले. काल १/२, आज १/३, दोन्ही मिळून २/५. फळ्यापाशी मी खडू हातात धरून उभी होते आणि वर्ग माझ्याकडे बघत होता. पोराची मांडणी सरळ होती, आणि ती खोडून काढणं म्हणजे त्याच्यावर अन्याय झाला असता. मी म्हटलं, आपण यावर उद्या बोलू. घरी जाऊन पट्ट्या कापल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात दिल्या. एकाच लांबीच्या दोन पट्ट्या, एकीचा अर्धा रंगवलेला, दुसरीचा तिसरा भाग. हे दोन रंगीत तुकडे कापून एका कोऱ्या पट्टीवर शेजारी ठेव. ठेवले. पट्टी भरत आली, सहावा हिस्सा तेवढा उरला. पाच षष्ठांश. मग पाच चौकोनांची दुसरी पट्टी काढली. कालचे दोन चौकोन आणि आजचे तीन, बरोबर आलेले दोन रंगवले. मुलगा दोन्हीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इथं पट्टी एकच हाय. तिथं कालची येगळी अन् आजची येगळी." माझ्या मते अपूर्णांकातला सगळ्यांत अवघड मुद्दा त्यानं सांगितला होता. बेरीज करायची तर दोन्ही भाग एकाच अख्ख्याचे हवेत. पहिल्या उदाहरणात अख्खं एकच आहे, म्हणून दोन्हींचे सारखे लहान तुकडे करायचे, सहा-सहा, आणि मोजायचे, लसावि त्यासाठीच. त्याच्या गणितांत कालचं अख्खं दोनांचं होतं आणि आजचं तीनांचं. तेव्हापासून फळ्यावर एकही अपूर्णांक लिहिला की मी 'कशाचा?' असं विचारते. आता मुलंच आधी ओरडतात.

६. सममूल्य अपूर्णांक समजावणं पूर्वी फार सोपं असावं असं मला वाटतं. रुपयाचे सोळा आणे होते तोवर अर्धा, आठ सोळांश आणि आठ आणे ही खिशातली गोष्ट होती. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, तरी 'चार आणे, आठ आणे' तोंडात राहिले. २०११च्या जूनअखेर पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं. आता पाव रुपया मुलांनी पाहिलेलाच नाही. नोटा आणि कागदी चकत्या घेऊन मी काम भागवते, पण ज्या नाण्यावर कुल्फी मिळत होती त्याची सर चकतीला येत नाही.

७. गुणाकार केला आणि कमी झालं, याचं मुलांना सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटतं. इतकी वर्षं गुणलं की वाढत होतं. इथं मी वावराचं उदाहरण घेते, कारण वाटणी या मुलांच्या घरात चर्चेचा विषय असतो. आजोबांचं बारा एकर वावर. आजी-आजोबा दोघंही आता नाहीत. तीन भावांत वाटणी, प्रत्येकी १/३. मधल्या भावाला दोन मुलं, पुढे त्यांच्यात वाटणी. तर प्रत्येक नातवाला किती? एक तृतीयांशाचा अर्धा, १/६, म्हणजे दोन एकर. 'चा' आला की गुणाकार, हे मुलं इथं पकडतात. भागाचा भाग हा प्रकारही 'लीलावती'त आहे, प्रभाग नावानं, आणि त्याचं उदाहरण मुलांना फार आवडतं. एका कंजुषानं याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग दिला, तर दिलं किती? सगळं गुणलं की १/१२८० येतं. त्या काळी एका द्रम्माच्या १२८० कवड्या होत. म्हणजे दिली एक कवडी! एवढी लांबलचक रक्कम ऐकून मुलं मोठ्या दानाची वाट बघत असतात.

पण वावराच्या उदाहरणाकडे परत यायला हवं. एके वर्षी ते फळ्यावर सोडवून मी उत्तराखाली रेघ मारत होते. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तिघांले बहीण नव्हती का?" मी म्हटलं, समज एक होती. "मंग आत्याचा हिस्सा कुठी गेला?" वर्गात हसू फुटलं. दोन-तीन मुलगे म्हणाले, आत्याला कुठं वावर देतात. मी फळा पुसला आणि गणित पुन्हा मांडलं. तीन भाऊ, एक बहीण, प्रत्येकी १/४. मधल्याच्या मुलांना त्याचा अर्धा, १/८. बारा एकरांतले दीड एकर. दोनचे दीड झाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा, अशी दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ला आणि केंद्रानं २००५ला केली. कायदा तसा असला तरी गावोगाव बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. कुणी भावावरच्या मायेनं, कुणी माहेर तुटू नये म्हणून. मी वर्गात त्यावर भाषण दिलं नाही. दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. गुणाकार दोन्हीकडे बिनचूक होता. फरक पडला तो छेदात कुणाला मोजलं यामुळे, आणि तो प्रश्न गणिताच्या तासाला एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीला पडला. गेल्या कित्येक पालकसभांत तो कुणाला पडलेला मी ऐकला नव्हता.

८. भागाकार मात्र मी लांबवत नाही. सहा लिटर दुधाचे अर्ध्या लिटरचे रतीब किती घरी जातील? बारा. दूध घालणाऱ्याच्या मुलाला इतकं विचारलं की तो उलटा करून गुणण्याचा नियम स्वतःच शोधतो. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त हाच नियम आहे. पाठांतर नंतर करावं, दूध आधी वाटून घ्यावं.

९. काही भाग दहांत किंवा शंभरांत बसतच नाहीत. आपल्याकडे कापूस पिकतो, त्यामुळे रुईचा उतारा हा शब्द जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या घरी मुलांच्याही कानावर असतो. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरते ती मुख्यतः सरकी. म्हणजे ढोबळ मानानं एक तृतीयांश रुई. एका मुलानं शंभरला तीननं भागायला घेतलं. तेहतीस, दशांश चिन्ह, तीन, पुन्हा तीन. पान संपलं तसं त्यानं मागचं पान घेतलं. "मॅडम, हे सरत काऊन नाही?" मी म्हटलं, सरणार नाही. त्याला ते खरं वाटेना, डबा खायच्या सुट्टीतही तो भागत बसला. १/३ असं लिहिलं की दोन अंकांत पुरं होतं, आणि दशांशात लिहायला गेलं की कधीच नाही. मग दोन पद्धती ठेवल्याच कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर तलाठ्याच्या दप्तरात आहे.

१०. दशांश अपूर्णांक ही नवी गोष्ट नसून छेद ठरवून टाकलेले अपूर्णांक आहेत, हे मुलांना सातबाऱ्यावरून पटकन समजतं. सातबारा घरून आणायला मी सांगत नाही, ती खासगी गोष्ट. एक नमुना फळ्यावर काढते. क्षेत्र ०.८१.०० असं लिहिलेलं असतं: हेक्टर, आर, चौरस मीटर. शंभर आरांचा हेक्टर, शंभर चौरस मीटरांचा आर. दोन एकर वावर म्हणजे ०.८१ हेक्टर, लोक म्हणतात एक्क्याऐंशी आर. मग मी विचारते, ०.९ हेक्टर मोठं की ०.८१? जवळजवळ सगळी मुलं ०.८१ म्हणतात, कारण नवापेक्षा एक्क्याऐंशी मोठे. आर करा, म्हटलं की चित्र पालटतं. ०.९ म्हणजे नव्वद आर. नव्वद आर कुणालाही जास्त हवेत. सगळ्यांचा छेद शंभर करून टाकला की लहानमोठं एका नजरेत दिसतं. ही सोय मिळावी म्हणून एक तृतीयांशासारख्या आडमुठ्या भागांचं थोडं नुकसान आपण सोसतो. शेजारच्या बांधाशी भांडण नको म्हणून तेही चौरस मीटरपर्यंत मोजतो.

११. अंश डोळ्यांसमोर असतो, छेद कागदात असतो. हे मला पैसेवारीनं शिकवलं. खरिपाची पैसेवारी इथल्या प्रत्येक घरात वाचली जाते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम. पूर्वी हीच आणेवारी होती, सोळा आण्यांची. पीक कापणी प्रयोगात आलेलं उत्पन्न अंशात, त्या भागासाठी ठरलेलं प्रमाण उत्पन्न छेदात, आणि भागाकार पैशांत. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होतो, वर गेली की अडतो. आता दुष्काळ ठरवायला पाऊस, पिकांची स्थिती असे इतर निकषही आहेत, पण लोकांच्या तोंडी अजून पैसेवारीच असते.

सहावीला मी दरवर्षी हे उदाहरण देते. समजा सोयाबीनचं एकरी उत्पन्न चार क्विंटल आलं. प्रमाण उत्पन्न सात धरलं तर ४/७, सत्तावन्न पैसे. नऊ धरलं तर ४/९, चव्वेचाळीस पैसे. वावर तेच, शेंगा त्याच, घरात आलेली पोतीही तेवढीच. एका उत्तरावर गाव चांगल्या पिकाचं ठरतं आणि दुसऱ्यावर टंचाईचं. मुलांना वाटायचं छेद मोठा झाला म्हणजे नुकसानच. इथं छेद मोठा असला तर मदत मिळायची शक्यता वाढते, यानं ती गोंधळतात. मग मी गोंधळ मिटवत नाही, त्यांना घरी विचारायला पाठवते: आपल्याकडे चांगल्या सालात एकरी किती होतं? उत्तरं सहा, आठ, दहा अशी येतात. एकाच गावात, एकाच शिवारात. कुणाची काळी जमीन ज्ञानगंगेच्या काठची, कुणाची मुरमाड, कुणाकडे विहीर, कुणाची कोरडवाहू. सगळी उत्तरं फळ्यावर लिहून आम्ही सरासरी काढतो आणि तो वर्गाचा छेद ठरवतो. त्यावर भांडणं होतात. मुरमाड जमिनीवाला म्हणतो, एवढं आमच्याकडे कधीच पिकलं नाही. काळ्या जमिनीवाला म्हणतो, आमच्याकडे तर याहून जास्त होतं. तास संपला तरी वाद चालूच असतो, आणि पुढच्या तासाला भूगोल शिकवणारे सर दारात उभे असतात. त्यांना मी आत बोलावते, कारण पुढचा प्रश्न मातीचा आहे आणि तो त्यांच्या विषयात येतो.